गरम झऱ्याचं पाणी कुठलं?

आज आपण संगमेश्वरजवळच्या तुरळ-राजवाडीच्या गरम कुंडांपासून सुरुवात करू. तिथलं पाणी इतकं कढत, की फार वेळ हात ठेववत नाही.

आपल्या मनात लगेच ज्वालामुखी येतो. सह्याद्री लाव्हाचाच ना! पण तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा; केव्हाच निवाला. मग ऊब कुठली? जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश. पाणी भेगांतून दोनेक किलोमीटर खाली उतरलं आणि लवकर वर आलं, तर ते कढतच येणार.

ऊब कळली. पण पाणी? पावसाचं, की समुद्राचं? चवीवरून ठरवता येत नाही, कारण क्षार खडकातूनही विरघळतात. तेव्हा आपण पाण्याच्या रेणूलाच विचारू.

ऑक्सिजनचे बहुतेक अणू 16 वस्तुमानाचे, पण पाचशेत साधारण एक 18 चा असतो. हायड्रोजनमध्येही काही हजारांत एखादा दुप्पट जड असतो, तो ड्युटेरियम. ही समस्थानिकं. वाफ होताना जड रेणू मागे रेंगाळतात आणि ढगातून पडताना आधी पडतात. त्यामुळे पावसाच्या पाण्यावर या प्रवासाची खूण राहते. 1961 साली हार्मन क्रेग यांनी जगभरच्या नद्या, तळी आणि पावसाचे आकडे आलेखावर मांडले. ते जवळजवळ एका सरळ रेषेत आले: ड्युटेरियमचा आकडा म्हणजे ऑक्सिजन-18 च्या आकड्याची आठपट, अधिक दहा. समुद्राचं पाणी मोजपट्टीचा शून्य; ते या रेषेवर बसत नाही.

आता झऱ्याचा बिंदू बघायचा. रेषेवर असेल तर पाणी पावसाचं. समुद्र मिसळला असेल तर तो शून्याकडे ओढला जातो. अतितप्त खडकाशी देवाणघेवाण झाली असेल तर ऑक्सिजनचा आकडा सरकतो, हायड्रोजनचा जवळजवळ नाही; कारण खडकात हायड्रोजन फारसा नसतोच. भाभा अणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीचे नमुने तपासले. निष्कर्ष काय? पाणी मुळात पावसाचंच.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, म्हणून इथे थोडं थांबू. ‘हे कुठून आलं?’ हा आपल्याला एक प्रश्न वाटतो, पण इथे ते तीन आहेत. पाणी आकाशातलं, ऊब पृथ्वीच्या पोटातली आणि क्षार वाटेत मिळालेले. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं, की आपण फसतो.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. झऱ्याचं पाणी पावसाचं असेल, तर ते कुठल्या तरी डोंगरउतारावर मुरत असणार. आपण कुंडाला कठडा बांधतो, फरशी बसवतो आणि कुंड राखलं असं समजतो. पण ते पाणी जिथे मुरतं ती जमीन राखली नाही, तर कठडा काय राखणार?