नव्या वसतिगृहाखालची जमीन

मुलींच्या वसतिगृहाच्या विस्तारासाठी निधी जमू लागल्यापासून माजी विद्यार्थी आणि पालक आम्हांला एकच प्रश्न विचारीत आहेत : आराखडा झाला, पैसा आला, मग पाया का खणला जात नाही? आणि जमिनीला नुसती भोके पाडण्यावर दानाचा पैसा का खर्च केला? हे दान देणाऱ्यांत ऊसतोड करणारे आहेत, सफाई कामगार आहेत, निवृत्तिवेतनावर जगणारे आहेत. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

विस्ताराची जागा म्हणजे जुन्या इमारतीच्या पूर्वेचे मैदान. आज ते सपाट दिसते. परंतु १९७२ च्या दुष्काळात तेथे दगडाची खाण होती आणि खडी फोडण्याचे काम चाले. वस्तीतील वृद्ध स्त्रिया आजही त्या खाणीचा काठ बोटाने दाखवितात. पुढे त्या खड्ड्यात नाल्याचा गाळ, पडक्या घरांची माती, विटांचे तुकडे, राख, गावचा केरकचरा असे सारे पडत गेले आणि वर मुरूम पसरून मैदान तयार झाले. जी जागा कोणालाच नको होती ती आपल्या वाट्याला आली. असे का झाले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

नैसर्गिक थर शतकानुशतके दाबले जाऊन घट्ट झालेले असतात. भराव तसा नसतो. त्यातील कचरा कुजून पोकळी राहते, पाणी मुरले की सैल माती बसते, आणि हे सर्वत्र सारखे घडत नाही. संपूर्ण इमारत सारखी खचली तर फारसे बिघडत नाही; एक बाजू जागेवर राहून दुसरी खचली की भिंती तिरप्या फाटतात. जुन्या इमारतीच्या पूर्वेकडील व्हरांड्यात दारांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा आम्ही तीनदा सिमेंटने बुजविल्या. दोष गिलाव्यात नव्हताच.

एका ठेकेदाराने चार फूट खणून दाखविले आणि मुरूम लागल्याचे सांगितले. मुरूम खराच होता. पण तो आपणच पसरलेला होता. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश वर्गात शिकविणारे आम्ही, त्या दिवशी जवळजवळ ऐकीव गोष्टीवर विसंबलो होतो.

त्यानंतर तीन ठिकाणी बोअर घेतले. त्यातील चाचणी समजण्यास सोपी आहे. ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडून एक पोकळ नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून देतात आणि पुढील ३० सेंटिमीटरला किती घाव लागले ते मोजतात. घाव कमी तर जमीन सैल. मात्र भरावात हा आकडा फसवितो : नळीखाली एखादी वीट आली तरी घाव वाढतात. म्हणून आकड्याबरोबर नळीत आलेला नमुना डोळ्यांनी पाहावा लागतो. बोअरमधील पाण्याची पातळी उन्हाळ्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर मोजली, कारण जुनी खाण ही परातीसारखी पाणी धरून ठेवते.

काळ्या मातीची परीक्षा निराळी. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात आणि तितकीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंतील फरक म्हणजे तिचा फुगण्याचा स्वभाव. प्रयोगशाळेच्या अहवालानंतर नववीच्या मुलींनी हा प्रयोग विज्ञानकक्षात करून पाहिला. (रॉकेल मिळविणे हेच त्यातले अवघड काम ठरले.)

निष्कर्ष असा : पश्चिमेकडील दोन बोअरमध्ये चार-पाच फूट काळी माती, खाली मुरूम आणि मग खडक. पूर्वेकडील बोअरमध्ये सोळा फूट भराव आणि एकदम खाणीचा तळ. म्हणजे नियोजित इमारत अर्धी खाणीच्या काठावर आणि अर्धी खाणीत उभी राहणार होती. साध्या पायावर ती मधोमध फाटली असती.

सारा भराव उपसून थराथराने मुरूम दाबत भरणे हा एक मार्ग होता. परंतु एवढा खोल खड्डा जुन्या इमारतीच्या पायाशी खणणे अभियंत्यांना धोक्याचे वाटले. म्हणून सर्व खांब खडकापर्यंत नेण्याचे ठरले. खचणारा भराव खांबांना धरून खाली ओढतो, तो भारही हिशेबात घेतला आहे. तळमजल्याची फरशी भरावावर न टेकता तुळयांवर राहील. जुनी इमारत तिच्या परीने बसून चुकली आहे, नवी अजून बसायची आहे. म्हणून दोहोंत फट ठेवून त्या एकमेकींना जोडल्या जाणार नाहीत.

यामुळे खर्च वाढला आणि दुसरा मजला पुढे ढकलावा लागला. जितक्या मुलींना जागा देऊ असे आम्ही जाहीर केले होते, तितक्यांना पहिल्या वर्षी देता येणार नाही. याबद्दल ज्या पालकांची निराशा होईल त्यांच्याशी आम्ही समक्ष बोलणार आहोत. खांब आणि पाया मात्र दुसऱ्या मजल्याचा भार धरूनच बांधले जातील.

तिन्ही बोअरचे नमुने लाकडी पेट्यांत विज्ञानकक्षात ठेवले आहेत. वर्धापनदिनी येणाऱ्यांनी ते अवश्य पाहावेत. तिसऱ्या पेटीत वर मुरूम, मग राख, विटा, गाळ आणि तळाशी खाणीचा काळा दगड आहे.