वेताळाची नोंद कशी करावी?

(द्वितीय वर्ष, कला)

वेताळ म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहत नाही. कोणाला वेताळ टेकडी आठवते. जुन्या पेठांची माहिती असणाऱ्यांना गुरुवार पेठेचे 'वेताळ पेठ' हे पूर्वीचे नाव ठाऊक असते. कथावाङ्मय वाचणाऱ्याला विक्रमाच्या खांद्यावर बसून प्रश्न विचारणारा वेताळ आठवतो. आणि आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या पुष्कळ मंडळींना आठवतो तो मुखवटा घातलेला, बोटात कवटीची अंगठी मिरवणारा, ठोसा मारला की गुंडाच्या हनुवटीवर खूण उमटवणारा इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. ज्ञानकोशात 'वेताळ' अशी नोंद करावयाची झाल्यास पहिला प्रश्न हाच येतो की, वेताळ कोणता? मराठी विकिपीडियावर या वाटणीला 'निःसंदिग्धीकरण' असे भारदस्त नाव आहे. या लेखात विचार करावयाचा आहे तो शेवटच्या वेताळाचा.

कॉमिक्समधल्या वीरावर ज्ञानकोशात लिहावयाचे हा पोरखेळ आहे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु काल्पनिक किंवा पौराणिक व्यक्तीची शिस्तशीर नोंद करण्याची परंपरा आपल्या पुण्यातच आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश' १९३२ साली प्रसिद्ध झाला. भीम, हनुमान, परशुराम यांच्यासारख्या अचाट पराक्रमी पुरुषांची चरित्रे त्यात आहेत. तथापि त्यांचे पराक्रम खरे की खोटे, या वादात कोशकार शिरत नाहीत. अमुक गोष्ट कोणत्या ग्रंथात, कोणत्या पर्वात, कोणत्या अध्यायात सांगितली आहे, हे ते विधानाजवळच कंसात नोंदवतात. म्हणजे वाचकाला मूळ ग्रंथ उघडून ताडून पाहता येते. ही पद्धत किती मोलाची आहे हे लक्ष्मणरेषेच्या उदाहरणावरून कळेल. लक्ष्मणाने पर्णकुटीभोवती रेषा ओढली ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात ती नाही. 'सगळ्यांना माहीत आहे' आणि 'अमक्या ग्रंथात आहे' या दोन वेगळ्या गोष्टी होत. कोशाचे काम दुसऱ्या गोष्टीशी असते.

आपल्याकडील जुन्या कोशांत आधाराबरोबर नावाचाही दबदबा असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तेवीस खंडांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. विषयाचा जाणकार कोण हे आधी ठरते आणि मग नोंद लिहिली जाते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात ही व्यवस्था उलटी आहे. तेथे नोंद कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याची नोंद कोणीही दुरुस्त करू शकतो. लिहिणाऱ्याची पदवी तेथे कोणी विचारत नाही. साहजिकच, जे वजन नावाला होते ते सगळे संदर्भावर येऊन पडते. संदर्भ नसेल तर विधानापुढे 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लागते. कोणी शंका घेतली तर वाद चर्चापानावर चालतो. प्रत्येक बदल 'इतिहास' या पानावर जपलेला असतो, त्यामुळे केलेले काम लपत नाही आणि खोडलेलेही लपत नाही. नवशिक्याने हात बसवण्यासाठी जेथे लिहावयाचे त्या जागेला 'धूळपाटी' म्हणतात. नाव मोठे गोड आहे.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळू. पहिला नियम असा की, गोष्टीतले जग आणि गोष्टीबाहेरचे जग यांची गल्लत होता कामा नये. 'वेताळाचे घराणे १५३६ पासून जंगलाचे रक्षण करीत आहे' हे वाक्य ज्ञानकोशात तसेच लिहिता येत नाही. 'कथेनुसार, १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून बचावलेल्या तरुणाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. आजचा वेताळ हा त्याच्या वंशातला एकविसावा' असे लिहावे लागते. गोष्टीबाहेरची हकीकत वेगळी. ली फॉक या अमेरिकन लेखकाची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये आला. सुपरमॅनसारखी दैवी शक्ती वेताळाला नाही. 'हा मरत नाही' या लोकांच्या समजुतीवरच त्याचा दरारा उभा आहे. भारतात बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघत गेले आणि १९९० मध्ये ही माला बंद झाली.

दुसरा नियम असा की, कॉमिक्सचा अंक हा स्वतः पुरावा आहे, पण मर्यादित गोष्टींचा. गोष्टीत काय घडते, हे सांगण्यास तो पुरेसा आहे. त्यासाठी अंकाचे नाव, क्रमांक, तारीख, भाषा आणि पान द्यावे. परंतु 'वेताळ महाराष्ट्रात अतिशय लोकप्रिय होता' हे त्या अंकावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी तिऱ्हाईत माणसाने लिहिलेले आणि जबाबदार ठिकाणी छापलेले काही तरी हवे. एखादा वृत्तपत्रीय लेख, आत्मचरित्र किंवा अभ्यासग्रंथ. त्याचप्रमाणे, गोरा माणूस काळ्या लोकांच्या जंगलाचा राखणदार दाखवण्यात वसाहतवादी वृत्ती दिसते, अशी टीका या मालिकेवर झालेली आहे. ती नोंदीत यावयास हवी; पण टीकाकाराच्या नावावर, नोंद लिहिणाऱ्याच्या नव्हे. आपले स्वतःचे अनुमान, ते कितीही पटणारे असो, तेथे चालत नाही.

तिसरी गोष्ट पाठभेदांची. मूळ मालिकेत वेताळाच्या देशाचे नाव बंगाला. भारतीय आवृत्तीत ते देंकाली झाले. चाच्यांच्या टोळीचे मूळ नाव सिंग; आपल्याकडे ते आडनाव असल्यामुळे 'सिंगा' केले गेले. विसाव्या वेताळाचा मारेकरी मुळात राम. भारतात तो रामालू झाला. अमेरिकन अंकावरून लिहिणारा आणि मराठी अंकावरून लिहिणारा हे दोघे एकमेकांचे लेखन 'चूक' म्हणून खोडत बसले तर वाद कधीच मिटणार नाही. दोन्ही पाठ आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणता पाठ कोणत्या आवृत्तीतला एवढे लिहिले की वाद मिटतो. पुराणांतील पाठभेद नोंदवणाऱ्या कोशकारांनी याहून वेगळे काय केले?

चौथी गोष्ट भाषांतराची. इंग्रजी नोंदीचे भाषांतर करून तिच्या तळाचे संदर्भ जसेच्या तसे उचलणे सोपे आहे. परंतु जो ग्रंथ आपण पाहिला नाही त्याची साक्ष काढणे बरे नव्हे. इंग्रजी अंकाची तारीखही मराठी अंकाला लावू नये, कारण सर्व भाषांतल्या आवृत्त्या एकाच वेळी सुरू झाल्या नव्हत्या. ज्या अंकावरून आपण लिहीत आहोत त्यावर जे छापले आहे तेच द्यावे.

येथपर्यंत सारे सोपे आहे. खरी अडचण पुढे आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. तो फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा. त्याची पुस्तके ग्रंथालयांत आहेत, लेखक मान्यवर, २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. त्याच्यावर नोंद लिहिणाऱ्याला आधार शोधत हिंडावे लागत नाही. मराठी वेताळाचे तसे नाही. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी निर्माण केलेल्या बहादूर या देशी नायकाचेही मराठीत तसेच. हे अंक वाचनालयाच्या कपाटात क्वचितच गेले. ते चार-आठ आणे भाड्याने हातोहात फिरले, फाटले आणि रद्दीत गेले. समीक्षकांनी त्यांना साहित्य मानले नाही, म्हणून त्यांच्यावर फारसे लिहिले गेले नाही; आणि लिहिले गेले नाही म्हणून आज नोंदीला आधार नाही.

आमच्या घरी मी महाविद्यालयात जाणारा पहिला. माझे वडील तांबट आळीत काम करतात. शाळा त्यांनी दहावीपूर्वीच सोडली. कसबा पेठेतल्या त्यांच्या बरोबरीच्या मित्रांनी शाळेबाहेर हौसेने जे वाचले ते बहुतेक हेच. वेताळ अमेरिकेचा, हे त्यांना आजही पटत नाही. त्यांच्या लेखी तो मराठी बोलणारा, आपलाच माणूस. ज्यांनी ग्रंथ वाचले त्यांच्या वाचनाचा इतिहास ग्रंथांत सापडतो. ज्यांनी रद्दीतले अंक वाचले त्यांचा इतिहास त्यांच्याबरोबर संपतो. वडिलांची आठवण माझ्यासाठी सोन्यासारखी आहे, पण ती ज्ञानकोशाचा संदर्भ होऊ शकत नाही, आणि होऊ नये असेच माझे मत आहे. कारण माझ्या वडिलांची आठवण चालली तर कोणाचीही चालेल, आणि मग शेवटी ज्याचे नाव मोठे त्याचेच खरे ठरेल. संदर्भाचा नियम कडक आहे. परंतु नाव नसलेल्या माणसाला प्राध्यापकाच्या बरोबरीने उभे करणारा नियमही तोच आहे. मी अंक क्रमांक आणि पान बरोबर दिले असेल, तर मी कोणाचा मुलगा हे विचारण्याची कोणाला गरज उरत नाही.

तेव्हा नियम सैल करणे हा उपाय नव्हे. आधार निर्माण करणे हा उपाय. घरोघरी माळ्यावर असे अंक अजून असतील. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगांतही एखादा हाती लागेल. त्यांची मुखपृष्ठे, क्रमांक, तारखा, भाषांतरकाराचे नाव छापले असल्यास ते, अशी यादी आपल्याला करता येईल. मराठी विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने या भाषांतरांवर प्रबंध लिहावा, इतिहास विभागाने भाड्याच्या वाचनालयांच्या वाचकांच्या मुलाखती घेऊन त्या रीतसर प्रसिद्ध कराव्यात. आज आठवण म्हणून जे बाजूला ठेवावे लागते, ते अशा रीतीने उद्या संदर्भ म्हणून देता येईल.

प्राध्यापकवर्ग आम्हाला उत्तरपत्रिकेत नेहमी विचारतो, 'हे कशावरून?' तो प्रश्न वेताळालाही विचारावयास हवा. त्याचे उत्तर लिहून ठेवण्याचे काम मात्र, ज्यांच्या घरात तो वाचला गेला त्यांच्या मुलांचे आहे.