सुई लागली की किडनी जाते?

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की नाशकातल्या कितीतरी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सुई नको, सुई लागली की किडनी जाते." पुरावाही तयार असतो. अमक्यांच्या काकांना इन्सुलिन सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत ते डायलिसिसवर गेले. गंमत म्हणजे नेमका उलटा समजही तितकाच जोरात आहे: गोळ्या उष्ण असतात, त्या किडनीवर जातात, त्यापेक्षा सुई बरी. दोन्ही समज एकाच घरात सुखाने नांदतात आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो. औषध लांबणीवर पडतं आणि रक्तातली साखर वाढलेलीच राहते. किडनीतल्या लाखो सूक्ष्म गाळण्या खराब करते ती ही साखर, आणि तिच्या जोडीला वाढलेला रक्तदाब. औषध तोंडातून गेलं की कातडीखालून, याच्याशी त्या नुकसानीचा संबंध नाही.

मग त्या काकांचं काय? त्यांची हकिगत खोटी नसते, तिचा अर्थ उलटा लावलेला असतो. टाइप 2 मधुमेहाचं निदान होतं तेव्हाच स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद बरीच घटलेली असते आणि पुढे ती घटतच जाते. आपल्याकडे इन्सुलिन म्हणजे "शेवटचा उपाय" ही समजूत इतकी पक्की, की साखर हाताबाहेर असूनही वर्षानुवर्षं सुई टाळली जाते. या काळात किडनी गुपचूप बिघडत असते. शेवटी किडनी मंदावल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, काही गोळ्या देणं धोक्याचं होतं, आणि डॉक्टरांच्या हाती उरलेला भरवशाचा उपाय म्हणून इन्सुलिन येतं. म्हणजे अनेकदा किडनी बिघडली म्हणून सुई आलेली असते. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, हे सगळं नाशिक बघतं, पण मारुतीने पूर आणला असं कुणी म्हणत नाही. इन्सुलिनवर मात्र हाच आळ बिनदिक्कत घेतला जातो.

हा नुसता तर्क झाला, सिद्ध कशावरून, असं कुणी विचारलं तर तो रास्त प्रश्न आहे. आजार बळावलेल्यांनाच सुई मिळत असेल, तर सुईवाल्यांची आणि गोळीवाल्यांची सरळ तुलना फसवी ठरते. त्यासाठी सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण वाटून द्यावे लागतात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात तेच केलं गेलं. 1977 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष 1998 मध्ये आले. नव्याने निदान झालेल्या 3,867 रुग्णांपैकी काहींना इन्सुलिन, काहींना सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आणि उरलेल्यांना मुख्यतः आहारावर ठेवलं होतं. साखर नेटाने आटोक्यात ठेवलेल्यांत डोळे, किडनी यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी कमी झाले, आणि हा फायदा गोळीवाल्यांना व सुईवाल्यांना सारखाच मिळाला. सुई किडनी खात असती तर दहा वर्षांत ते दिसलं नसतं का? टाइप 1 रुग्णांवरचा अमेरिका-कॅनडातला डीसीसीटी अभ्यास तर आणखी बोलका आहे. त्यात 1,441 जण होते आणि सगळेच इन्सुलिनवर. एका गटाला दिवसातून एक-दोन, दुसऱ्याला तीन किंवा अधिक इंजेक्शनं, नाहीतर पंप. त्याच रुग्णांचा पाठपुरावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा किडनीचं काम मंदावण्याचा धोका या दुसऱ्या गटात निम्मा आढळला. ज्यांनी जास्त वेळा टोचून घेतलं, त्यांच्याच किडन्या जास्त टिकल्या.

आणखी एक गैरसमज मात्र खरोखर जिवावर बेतू शकतो. चाळीस युनिट लागणाऱ्या माणसाला हळूहळू वीस पुरू लागतात, आणि घरी आनंद होतो की शुगर उतरली, कारल्याचा रस लागू पडला. टोचलेलं इन्सुलिन शरीराबाहेर काढण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन जास्त वेळ रक्तात राहतं, म्हणून कमी पुरतं. वजन, आहार किंवा व्यायाम बदललेला नसताना डोस असा उतरू लागला, तर पेढे वाटण्याआधी क्रिएटिनिन तपासावं. डोस वेळेत कमी केला नाही तर साखर इतकी खाली जाते की माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो.

गोळ्यांबद्दलचा घोळही असाच. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. ते किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी फारच मंदावली, म्हणजे किडनीची गाळण्याची गती सांगणारा ईजीएफआर 30 च्या खाली गेला, की ते साचू नये म्हणून थांबवतात. ग्लिबेनक्लामाइड अशा वेळी साखर घातक पातळीपर्यंत उतरवू शकतं, लिनाग्लिप्टिनचा डोस मात्र बदलावा लागत नाही. आणि डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी किडनीचा ऱ्हास लांबवते, इतका की 2020 च्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या किडनीरुग्णांनाही तिचा फायदा झाला. "गोळ्या किडनीवर जातात" या वाक्यात नेमकी कुठली गोळी, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

बाकीचे समज एकेका ओळीत. साखरेची गोळी म्हणजे इन्सुलिनची गोळी नव्हे. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात ते पचून जातं, आणि गोळीतून देण्याचे मोठे प्रयत्न अजून दुकानापर्यंत पोचलेले नाहीत. सुई शिरेत जात नाही, कातडीखालच्या चरबीत जाते. इन्सुलिनची "सवय" लागत नाही. गरोदरपणात सुरू झालेलं इन्सुलिन बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंद होतं. भरपूर पाणी प्यायल्याने किडनी "धुऊन" निघत नाही. इन्सुलिनने वजन वाढू शकतं आणि साखर घसरू शकते, हे आक्षेप खरे आहेत. त्यांवर डोस आणि जेवणाच्या वेळा सांभाळणं हा उपाय आहे.

सुईला भिणारी हीच माणसं गुडघा दुखला की डायक्लोफिनॅकची पट्टी चिठ्ठीशिवाय आणतात, आणि वेदनाशामकं किडनीला खरोखर घातक ठरू शकतात, आधीच मधुमेह असला तर जास्तच. मधुमेह "मुळापासून" घालवणाऱ्या पुड्यांचंही तसंच. 2008 मध्ये एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून ज्या नाशकात आहे, तिथे तरी हे वेगळं सांगावं लागू नये. किडनीची भीती असेल तर तिच्यासाठी स्वस्त आणि सोपी तपासणी आहे: लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. टाइप 2 मध्ये निदान झाल्या दिवसापासून, दरवर्षी. रक्तातलं क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी ते बिघाड दाखवतं, आणि त्या टप्प्यावर किडनी वाचवायला बराच वाव असतो.