इलेक्ट्रॉन निळा असतो का?

पडद्यावर एक पिवळा फुगा, शेजारी लोकरीचा स्वेटर, पलीकडे भिंत. माऊसने फुगा स्वेटरवर घासला, की उणे चिन्ह असलेले निळे ठिपके स्वेटरवरून फुग्यावर जातात. फुगा सोडला तर स्वेटरकडे ओढला जातो, भिंतीजवळ नेला तर तिला चिकटतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातला हा आभासी प्रयोग. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातले अनेक प्रयोग मराठीतही विनामूल्य मिळतात.

खऱ्या प्रयोगशाळेत फुगा ही वस्तू असते. पडद्यावर मात्र सगळीच चिन्हे. ती वाचायची कशी, हा चिन्हमीमांसेचा विषय. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९-१९१४) यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. वस्तूसारखी दिसते ती प्रतिमा; इथे फुगा आणि स्वेटर. धुरावरून आग कळावी तसे कारणाकडे बोट दाखवतो तो निर्देशक. फुग्याचे ओढले जाणे त्यातले. आणि केवळ सर्वांनी मानले म्हणून अर्थ लाभते ते प्रतीक. उणे चिन्ह हे निव्वळ प्रतीक आहे. धन आणि ऋण ही नावे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी रूढ केली, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. फ्रँकलिन यांनी नावे उलट दिली असती, तर आज इलेक्ट्रॉन ‘धन’ म्हणवला असता!

अडचण अशी, की हे तिन्ही प्रकार एकाच पडद्यावर शेजारी शेजारी नांदतात. ठिपक्यांतले ऋण तेवढेच हलतात, धन जागेवर राहतात. हे निसर्गाबद्दलचे खरे विधान आहे. त्यांचा निळा-लाल रंग ही मात्र चित्रकाराची सोय. सातवीतल्या मुलाने हा फरक कसा ओळखावा? फेटच्या रचनाकारांनी त्यासाठी साधी युक्ती केली आहे. सगळे प्रभार दाखवा, एकही दाखवू नका किंवा फक्त फरक दाखवा, असे पर्याय मुलाच्याच हाती दिले. ठिपके लपवले, की डोळ्यांना खरोखर दिसले असते तेवढेच उरते. शिवाय प्रयोग तयार होताना विद्यार्थ्यांना पडद्यासमोर बसवून मनातले मोठ्याने बोलायला सांगतात. कोणते चिन्ह चुकीचे वाचले जाते ते तिथेच उघडे पडते.

चित्र जितके हुबेहूब तितके शिक्षण चांगले, हा समजही तपासून पाहायला हवा. गुइडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी आभासी प्रयोगशाळा साध्या संगणकावर आणि डोक्यावर चढवायच्या आभासी वास्तव संचातून अनुभवली. संच वापरताना ‘आपण तिथेच आहोत’ ही भावना वाढली, शिकणे मात्र कमी झाले. मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदींतही ताण जास्त आढळला. सजावट वाढली, की त्यातले अर्थाचे चिन्ह कोणते हे शोधण्यातच डोके शिणते.

जे दाखवलेच नाही, तेही मुलाला काहीतरी सांगत असते. कोकणात ऐन जुलैत हाच प्रयोग खऱ्या फुग्यावर केला, तर दमट हवेत प्रभार पटकन निघून जातो आणि फुगा भिंतीवरून सुटतो. पडद्यावरचा फुगा बाराही महिने चिकटून राहतो. वर्गात दोन्ही फुगे ठेवले आणि ‘हा का पडला?’ एवढे विचारले, तरी तासभराची चर्चा सहज रंगते.