‘ओले’ नेमकं कधी म्हणायचं?

गॅदरिंगमध्ये ‘सेन्योरिटा’वर नाचलेलं एक तरी पोरगं तुमच्या वर्गात असणारच. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ मध्ये आला, तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. पण फ्लॅमेंको म्हटलं की आजही डोळ्यांसमोर तेच येतं. गिटार, घेरदार झगा आणि अख्ख्या गावानं धरलेला टाळ्यांचा ठेका. डोक्यात हेच चित्र घेऊन मी गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात जाऊन बसले. मैत्रिणीकडे एक तिकीट जास्त होतं, एवढंच कारण.

आणि पहिल्या दहा मिनिटांतच माती खाल्ली.

स्टेजवर चौघंच होते. एक गाणारा, एक गिटारवाला, टाळ्या वाजवणारी एक बाई आणि एक नर्तकी. नर्तकी खुर्चीवर बसूनच होती. गाणाऱ्यानं डोळे मिटले आणि घसा फाटेल असा सूर लावला. गोड वगैरे अजिबात नाही. ‘नाच कधी सुरू होणार?’ असं मी मैत्रिणीला विचारलंसुद्धा. मग ठेका आला, अंगात आलं आणि ऑर्केस्ट्रात वाजवतात तशा मी टाळ्या सुरू केल्या. मागचे दोघं-तिघं सामील झाले. स्टेजवरची टाळ्यांची बाई हसली आणि तिनं अलगद ओठांवर बोट ठेवलं. आम्ही गपगार.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

बारापर्यंत मोजा

हातातला चहा जरा खाली ठेवा. एक ते बारा मोजा आणि तीन, सहा, आठ, दहा, बारा या आकड्यांवरच टाळी द्या. थांबू नका, परत एकपासून. आधी तीन-तीनच्या दोन उड्या, मग दोन-दोनच्या तीन. चार-पाच फेऱ्यांत जीभ अडखळली ना? सोलेआ, बुलेरिया या फ्लॅमेंकोच्या प्रकारांचा पाया हाच. या चक्राला म्हणतात कोम्पास. तबला शिकलेल्यांना एकताल आठवेल. त्यातही मात्रा बाराच, पण तिथं दोन-दोनचे सहा सारखे विभाग असतात. इथं विभागच लहान-मोठे. सगळे प्रकार बाराचे नसतात, टँगोस चार मात्रांत चालतो. पण कुठलाही प्रकार असो, कोम्पास सुटला की सगळं सुटलं.

हा कोम्पास धरून ठेवतात त्या टाळ्या. त्यांना पालमास म्हणतात आणि ते चक्क वाद्य आहे. तळवे खोलगट करून दिलेली दबकी टाळी वेगळी, बोटांनी तळव्यावर मारलेली कडक टाळी वेगळी. गाणं हळवं असेल तर दबकी, नाच पेटला की कडक. आता विचार करा, भजनात कुणी प्रेक्षकांतून उठून स्वतःचा पखवाज वाजवायला लागला तर? मी तेच केलं होतं.

पायातलं वाद्य

दुसरं वाद्य नर्तकीच्या पायात असतं. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला बारीक खिळे ठोकलेले असतात. म्हणून तर लाकडी फळ्यांची जमीन लागते, फरशीवर तो आवाज मरतो. पायताण करकर वाजलं पाहिजे म्हणून चांभाराकडे हट्ट धरणाऱ्या कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही! गाणारा थांबला आणि ती बाई नुसत्या पायांनी बोलायला लागली. आधी पावसाच्या थेंबांसारखं, मग हलगी कडाडावी तसं. मोबाईलच्या स्पीकरवर यातलं निम्मंसुद्धा ऐकू येत नाही. ते खुर्चीतून वर चढत तुमच्या पाठीत येतं.

ज्या लाकडी खोक्यावर बसून वाजवतात ना, तो काहोन मूळचा स्पेनचा नव्हेच. तो पेरू देशातला. गिटारवादक पाको दे लुसियानं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो फ्लॅमेंकोत आणला आणि आता तो तिथलाच वाटतो. ‘अस्सल परंपरा’ म्हणून आपण जे बघतो, त्यातला एक तुकडा आपल्या आई-बाबांच्या वयाचा असतो तो असा.

मग आपण करायचं काय?

नुसतं हाताची घडी घालून बसायचं का? मुळीच नाही. फ्लॅमेंकोत प्रेक्षकाला काम आहे. त्याला हालेओ म्हणतात, म्हणजे बोलून दिलेली दाद. ‘ओले’ हा त्यातलाच शब्द. पण तो कुठंही फेकायचा नाही. गाणारा एक ओळ ताणतो, वळवतो आणि जिवावर आल्यासारखी जमिनीवर आणून टेकवतो. त्या टेकण्याच्या क्षणी ओले. नर्तकी वादळासारखी फिरून कोम्पासच्या शेवटच्या ठोक्यावर खाडकन थांबते, तेव्हा ओले.

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. गवई समेवर आला की आपल्या तोंडून जे ‘क्या बात है’ निघतं, तेच हे. गायन समाज देवल क्लब १८८३ चा. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात गायले ते याच गावात. कोल्हापूरच्या कानाला दाद कुठं द्यायची हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. मध्यंतरानंतर मी टाळ्या सोडल्या आणि कान लावला. एकदाच, बरोबर जागेवर, माझ्या तोंडून ‘ओले’ निघून गेलं. गाणाऱ्यानं डोळे उघडून आमच्या रांगेकडे मान हलवली. तिकीट तिथं वसूल झालं.

ज्यांना कुणी दारात उभं केलं नाही

हे गाणं ज्यांनी जपलं, वाढवलं त्यांत मोठा वाटा गितानोंचा, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचा. यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनला पोचले. पुरावा पाहिजे? रोमा भाषेत कानाला ‘कान’ म्हणतात आणि पाण्याला ‘पानी’. म्हणून फ्लॅमेंको म्हणजे कथकच, असं मात्र म्हणू नका. ही कला घडली स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, तिथल्या अनेक लोकांच्या सुरांतून.

त्या लोकांचं स्वागत कसं झालं? जुलै १७४९ मध्ये राजाच्या हुकमानं देशभरातले गितानो एकाच वेळी पकडले गेले. बायका-पोरं एकीकडे, पुरुष दुसरीकडे, सक्तीच्या कामाला. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. त्यांना रोज हजेरी द्यावी लागायची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ती हजेरी १९१८ मध्ये बंद केली, हे आपण शाळेत शिकलोय.

स्पेनमधल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही एके काळी फ्लॅमेंको म्हणजे दारूच्या गुत्त्यातला धिंगाणा वाटायचा. कवी लोर्का आणि संगीतकार फाया यांनी १९२२ मध्ये ग्रानादात जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली, ती ही नजर बदलावी म्हणूनच. २०१० मध्ये युनेस्कोनं फ्लॅमेंकोला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतलं. आणि आता आपण पुण्यात तिकीट काढून, इस्त्रीचे कपडे घालून तो बघतो.

हे लिहिताना मला लावणी आठवत राहिली. वाईच्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. बसून, नुसत्या चेहऱ्यानं आणि हातांनी लावणीतल्या एकेका शब्दाचे अर्थ उलगडत जायच्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचं वय होतं शहाण्णव-सत्त्याण्णव. आणि आपण लावणीला काय करतो? एक तर जात नाही. गेलोच, तर मोबाईल वर करून कंबरेवर झूम करतो. परदेशी बाई नाचली की ती कलाकार. आपल्याकडची नाचली की...? वाक्य तुम्हीच पूर्ण करा.

पुण्याहून आल्यावर आजीला व्हिडिओ दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, ‘‘बया, ही बी आदी बसूनच हाय की.’’ मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, ‘‘आमच्या गावाला तंबू लागायचा. बापय मानसं जायची. आमी अंगणातनं ढोलकी ऐकायचो. ऐकून ऐकून दोन लावण्या पाठ झाल्या, पर कुनाला सांगितलं न्हाई कदी.’’ मी म्हटलं, ‘‘म्हण की एक.’’ तिनं आधी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मग म्हटली. चाल धरून, हातानं मांडीवर ठेका देत, एकही शब्द न चुकता.

फ्लॅमेंकोचा शो कोल्हापुरात रोज होत नाही. लावणीचा बोर्ड मात्र आपल्याकडे लागतो. पुढचा लागला की दोन तिकिटं काढणार आहे. एक माझं, एक आजीचं. पुढच्या रांगेतली.

जाणार असाल तर...

● मोठ्या मैदानापेक्षा छोटं सभागृह निवडा. पुढं बसा, पाय दिसले पाहिजेत.

● गाणाऱ्याकडे लक्ष द्या. नाच गाण्यातून येतो, गाणं नाचातून नाही.

● ठेक्याच्या टाळ्या कलाकारांवर सोडा. तुमच्या टाळ्या शेवटी.

● ‘ओले’ मनातून आलं तरच म्हणा. शेजारचा म्हणाला म्हणून नको.

● मोबाईल खिशात. दाद द्यायला तोंड लागतं, कॅमेरा नाही.