सीडी-४ वाढला म्हणून गोळ्या सोडू नका

"ताई, माझा सीडी-४ आता सहाशेच्या वर गेला. वजनही भरलं. मग गोळ्या कशाला?"

एआरटीच्या गोळ्या घेऊन बरे वाटू लागलेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न येतो. प्रश्न साधा आहे, पण चुकीचे उत्तर जिवावर बेतते. म्हणून प्रतिकारशक्ती चालते कशी, ते आधी समजून घेऊ.

निरोप देणारी प्रथिने

रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकेकट्या लढत नाहीत. त्या एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची अगदी लहान प्रथिने. 'वाढा', 'इकडे या', 'मारा', 'आता थांबा' असे त्यांचे सांगणे असते. इंटरल्यूकिन-२ लढणाऱ्या पेशींची संख्या वाढवते. इंटरल्यूकिन-७ त्यांना जगवते. इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप मिळाला की टीबीचे जंतू गिळलेल्या पेशी त्यांना मारू लागतात. असे कितीतरी निरोप सीडी-४ पेशी धाडतात आणि एचआयव्ही नेमका त्यांच्यावरच हल्ला करतो. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो.

आकडा वाढला, आजार तेवढेच

गोळ्यांच्या जोडीला इंटरल्यूकिन-२ टोचले तर? शास्त्रज्ञांनी हेही करून पाहिले. 'एस्प्रिट' या चाचणीत २५ देशांतले ४,१११ रुग्ण होते. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेणाऱ्यांचा सीडी-४ सरासरी १६० ने जास्त राहिला. पण त्यांच्यातले आजार आणि मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे पेशी नुसत्या मोजून ताकद कळत नाही. ताकदीची बाटली विकणाऱ्यांपासूनही म्हणूनच सावध राहा.

गोळ्या थांबवल्या तेव्हा

'स्मार्ट' या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. सगळ्यांचा सीडी-४ ३५० च्या वर होता. निम्म्यांनी गोळ्या चालू ठेवल्या. उरलेल्यांनी थांबवल्या, सीडी-४ २५० च्या खाली गेला की पुन्हा सुरू करायच्या, असे ठरले होते. थांबवणाऱ्यांत गंभीर आजार व मृत्यू अडीच पटींहून जास्त झाले. हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे आजारही वाढले. म्हणून २००६ च्या जानेवारीत गोळ्या थांबवण्याचा प्रयोग बंद करावा लागला.

पुढे त्यांचे रक्त तपासले, तेव्हा गोळ्या थांबवल्यापासून महिन्याभरातच इंटरल्यूकिन-६ वाढलेले दिसले. हे दाहाचा निरोप देणारे प्रथिन. विषाणू मोकळा सुटला की शरीर सतत धोक्याची घंटा वाजवत राहते आणि रक्तवाहिन्या झिजतात. गोळ्या चालू असतानाही हा दाह थोडा उरतोच. बिडी-तंबाखू त्यात भर घालते.

एवढे लक्षात ठेवा

• गोळ्या रोज, ठरल्या वेळी घ्या. सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात.
• गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला किंवा गाठी आल्या, तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जागी झालेली प्रतिकारशक्ती लपलेल्या टीबीवर तुटून पडत असेल. लगेच केंद्रात दाखवा.
• सीडी-४ बरोबर 'व्हायरल लोड'ही विचारा. विषाणू दबला आहे की नाही, ते त्यावरून कळते.
• खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर टीबीची तपासणी करा.
• माहितीसाठी १०९७ या क्रमांकावर मोफत फोन करा.

आता घरच्यांसाठी. लोकांना कळेल या भीतीने कितीजण गोळ्या लपवतात आणि मग चुकवतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला बंदी आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. कायद्याच्याही आधी आपल्याकडे धम्म आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले, ही विनयपिटकातली गोष्ट आपण विहारात ऐकतो. आपल्या घरातला माणूस गोळी उघडपणे, पाण्याचा तांब्या समोर ठेवून घेऊ शकतो का, हे आज स्वतःला विचारू या.

जय भीम!