कुर्ल्याची गाडी, निस्सानचं इंजिन

जुन्या गाड्यांसाठी परदेशातून पार्ट मागवणारी मंडळी बंगळुरूत पुष्कळ आहेत, त्यांच्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मर्सिडीज नाहीतर जॅग्वारवर लिहावं लागणार, असं मी धरून चाललो होतो. नादाला लावलं ते मात्र प्रीमियर ११८ एनईने.

ही गाडी आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्याने ती १९८५च्या सुमारास काढली. सांगाडा १९६६च्या फियाट १२४चा, आणि तोही स्पेनच्या सिआटमार्गे आलेला. इंजिन निस्सानचं, ए१२, ११७१ सीसी. नावातलं एनई म्हणजे निस्सान इंजिन, असंच सगळे सांगतात. स्टिअरिंगला चिकटलेला प्रीमियरच्याच पद्मिनीचा गिअर सोडून खाली जमिनीवर गिअर आला, याचं त्या काळी मध्यमवर्गाला कोण कौतुक होतं!

बंगळुरूच्या जेसी रोडवर, टाउन हॉल ते मिनर्व्हा सर्कलच्या पट्ट्यात, स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्याहून जुनं काही हवं असेल, तर शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगारबाजारात, हात काळे करायचे. माझी ओळख झाली ती एका बेळगावच्या गृहस्थांशी आणि त्यांच्या मेकॅनिकशी. गृहस्थांची ११८ एनई १९८८ची. मेकॅनिकला सगळे ‘भाई’ म्हणतात.

भाई टॅपेट सेट करत होते. या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नाही, बाजूला ब्लॉकमध्ये आहे. लांब पुशरॉड रॉकर ढकलतात आणि रॉकर आठ व्हॉल्व्ह उघडतात. इंजिन गरम असताना रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये ०.३५ मिलिमीटर फट हवी. फीलर गेजची पाती अडकता कामा नये, पण सुळकन निघूनही जाता कामा नये. भाई पाती ओढून बघत, स्क्रू पाव फेऱ्याने फिरवत, नट आवळत, पुन्हा ओढत. नट आवळताना स्क्रू हमखास केसभर सरकतो, म्हणून आधीच तेवढी जास्त फट ठेवायची. हा अंदाज बोटांतच असावा लागतो. चौथ्या सिलिंडरपाशी त्यांनी गेज बाजूला ठेवला, इंजिन चालू केलं आणि मान वाकडी करून नुसते ऐकत राहिले.

ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. पण गॅस्केट मिळतं. याच घराण्यातलं ए१४ इंजिन घातलेला निस्सानचा छोटा पिकअप दक्षिण आफ्रिकेत २००८पर्यंत बनत होता, आणि जपानात या इंजिनावर रेसिंग करणारे अजून आहेत. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग जगात कुठे ना कुठे तयार असतात.

“पिस्टन काय हो, जपानहून येतंय बघा,” बेळगावकर म्हणाले. “मागच्या दिव्याची काच शोधायला दोन वर्षं गेली की!”

खरी अडचण इथेच आहे. परदेशी ते सहज मिळतं. दुर्मीळ झालंय ते कुर्ल्याचं. ग्रिल, दारावरच्या पट्ट्या, मागचे दिवे खास या गाडीसाठी बनले, आणि ती बंद पडल्यावर कोणी बनवले नाहीत. रशियन लाडा फियाट १२४चीच बहीण, पण तिथेही आठशेवर बदल केलेले. सगळंच जुळेल या आशेवर कुणी राहू नये.

सीलबंद जुना ‘ओरिजिनल’ माल मिळाला की गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात. रबराच्या बाबतीत मला ही चमक मूर्खपणाची वाटते. तीस वर्षं खोक्यात पडलेली पेट्रोलची नळी आतून कडक झालेली असते. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते जुन्या नळ्या आणि डायफ्रॅम पोखरतं. नळी नवी, इथेनॉल सोसणारीच घ्यावी. भाईंचंही हेच मत, पण गिऱ्हाइकासमोर ते गप्प राहतात.

मग कागदपत्रं. बाहेरून पार्सल आलं की कस्टम ड्यूटी, वर जीएसटी. वापरलेला माल आणायचा तर परवाना. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५मध्ये दहा हजार झाली. गाडीत हवे ते बदल करण्याची हौस तर थेट मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमावर आदळते. उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बजावलं आहे. व्हिंटेजचा दर्जा हवा, तर २०२१च्या नियमांप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. ही १९८८ची, म्हणजे २०३८ उजाडणार. तोवर याच घराण्यातलं १४८८ सीसीचं ए१५ बसवायचा मोह आवरायचा.

बेळगावकरांनी जपानहून दोन कार्ब्युरेटरांचा जोड आणि त्याचा मॅनिफोल्ड मागवून ठेवलाय. खोकं अजून उघडलेलं नाही. कधी लावणार, असं विचारलं तर म्हणाले, “आधी आरसी रिन्यू होऊ दे हो. आरटीओवाला बॉनेट उघडून बघतोय.”